द्रुपदाबायचं गवत

द्रुपदाबाय झाडाचं पान चाटून बघायच्या. समुद्राकाठच्या कुठल्याही बंगल्यावर बागेचं काम सुरू व्हायचं असलं, की त्या आधी सरळ कुंपणाकडे जायच्या. तिथे आपोआप जे काही उगवलेलं असेल त्याचं एक पान तोडायच्या आणि जिभेचं टोक त्यावरून फिरवायच्या. मग पदराने तोंड पुसून निकाल द्यायच्या, "या दगडापरयंत खारा वारा येतो. याच्या फुडं, दरयाकडं, गुलाब लावाल तर मरल."

माझा नर्सरीतला पहिलाच दिवस होता. उद्यानशास्त्राची पदविका घेऊन मी ठाण्याहून आले होते आणि माती तपासायचं छोटं यंत्र माझ्या पिशवीत होतं. द्रुपदाबायनी एक पान माझ्यापुढे धरलं. "चाट की."

"धुतलेलं नाहीये," मी म्हटलं.

मागे उभ्या असलेल्या चार-पाच बायका खो-खो हसल्या. "धुतल्यावर मग काय कलनार, मॅडम?" द्रुपदाबाय म्हणाल्या. मी डोळे मिटून पान चाटलं. खारट होतं. यंत्र पिशवीतून बाहेर काढायचं धाडस मला त्या आठवड्यात झालं नाही.

आता मी पुण्यात काम करते. इथे समुद्र नाही, त्यामुळे पानं चाटायची वेळ येत नाही. पण नवीन जागा बघायला गेले, की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकायच्या आधी मी कुंपणाशी जाते, तिथे काय उगवलंय ते बघते. ही सवय मला कुठल्याही वर्गात लागलेली नाही.

नर्सरी मांडव्याच्या जेट्टीपासून थोडी आत होती. पुढे रस्ता, मागे खाडीचा बांध. द्रुपदाबाय पंचावन्नच्या पुढच्या असाव्यात. नऊवारी लुगडं घट्ट नेसलेलं आणि वर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्यांचा मुलगा उरणला बंदरावर ट्रेलर चालवायचा, त्याचे जुने शर्ट त्या वापरायच्या. त्यामुळे त्यांच्या पाठीवर कधी जहाज असे, कधी कसल्याशा कंपनीचं नाव. माहेर उरणकडचं, मिठागरावरचं. "आमी मिठावर चालाला शिकलू," त्या म्हणायच्या, "मना खाऱ्याचं काय शिकवतंस?"

बावीस वर्षं द्रुपदाबाय त्याच नर्सरीत होत्या. कुठल्या पिशवीत काय लावलंय, कुठल्या बंगल्याच्या विहिरीला कधी खारं पाणी चढतं, कुठली बाई बाळंतपणाला गेली आहे आणि कधी परत येईल, सगळं त्यांच्या डोक्यात. सकाळी माणसांची वाटणी त्याच करायच्या. पण मुकादम मात्र कायम दुसरा कोणी असे. तो पुरुष असे आणि फार दिवस टिकत नसे. आलेल्या प्रत्येक मुकादमाला काम द्रुपदाबायनीच शिकवलं होतं. "मूठ बदलते, पातं तेच हाय," असं त्या खुरप्याकडे बघत म्हणायच्या, पण नर्सरीच्या मालकांना, शेठना, ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्यांना मुकादम व्हायचं होतं. हे त्यांनी कधी लपवलं नाही. दरवर्षी शेठकडे जाऊन सरळ विचारायच्या, आणि शेठ दरवर्षी म्हणायचे, "बघू गं द्रुपदा."

माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी हट्टाने पुण्याहून एक गवत मागवलं. अमेरिकेच्या मोकळ्या माळरानावरचं, कमरेइतकं वाढणारं, शेवटी धुक्यासारखे तुरे येणारं. पुस्तकात मी त्याचे फोटो किती वेळा पाहिले होते. चाळीस पिशव्या आल्या. शेडनेटच्या मागे मी त्या ओळीने लावल्या आणि दोन दिवसांसाठी घरी गेले.

परत आले तेव्हा चाळीसच्या चाळीस पिशव्या रिकाम्या, एकात एक घालून नीट रचून ठेवलेल्या. द्रुपदाबाय कौतुकाच्या अपेक्षेने उभ्या होत्या. "मॅडम, तुमच्या सगल्या पिशव्यांमदी गवात माजलं होतं. एकूनएक उपटलं, मुलासकट. तुमचं झाड काय उगवलंच नाय वाटतं?"

मी एक पिशवी उचलली. पिशवीवरची चिठ्ठी त्यांना दाखवली, पण ती इंग्रजीत होती. शेवटी पुस्तकातला फोटो काढून दिला. त्यांनी फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा फोटोकडे. "गवात?" त्या म्हणाल्या. "इकत?"

शेठही नेमकं तेच म्हणाले, फक्त दहापट मोठ्या आवाजात. त्या बायकांचं सगळं आयुष्य भाताच्या वाफ्यातून गवत उपटण्यात गेलं होतं. कोणी पाच वर्षांच्या मुलीलाही विचारलं असतं, तर तिनेही तेच केलं असतं. द्रुपदाबाय शेठसमोर माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. "चूक माजी हाय. पोरीला बोलू नका." त्या दिवसापासून मी 'मॅडम'ची 'पोरगी' झाले.

उपटलेलं गवत त्यांनी मागे खाडीच्या बांधावर फेकून दिलं होतं. ते मी विसरूनही गेले. दिवाळीच्या सुमाराला त्या मला हाताला धरून मागे घेऊन गेल्या. नुकतीच अमावास्या होऊन गेली होती, उधाणाचं पाणी बांधाच्या अर्ध्यावर चढून उतरलं होतं. पाणी लागलेलं बाकी सगळं करपलं होतं आणि मध्येच फेकलेल्या जागी, उलटसुलट पडलेली माझ्या गवताची ठोंबं हिरवीगार उभी होती. द्रुपदाबायनी एक ठोंब दोन्ही हातांनी धरून ओढलं. हललं नाही.

"मी उपटलेलं गवात परत कवा लागत नाय," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "ह्यो कोन हाय, पोरी? मानूस हाय." त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी मी कुणाला मिळालेली ऐकली नाही.

त्याच महिन्यात मुकादम गाव सोडून गेला, आणि त्याच महिन्यात डॉक्टरबाई आल्या. मुंबईतला दवाखाना बंद करून त्यांनी समुद्रासमोर घर बांधलं होतं. व्हरांड्यापुढच्या लांब वाफ्यात काय हवं ते त्यांचं पक्कं ठरलं होतं. एका थंड हवेच्या गावी त्यांनी कंदाचा बेगोनिया बघितला होता. बशीएवढी फुलं, गुलाबासारख्या पाकळ्या, शेंदरी, लाल, लिंबाच्या रंगाची. मोबाइलवरचे फोटो त्या आम्हाला एकेक करून दाखवत होत्या.

हा कंद थंडीतला. त्याला गार रात्री लागतात, सावली लागते. दमट उकाड्यात तो कुजतो. हे सगळं मला माहीत होतं. पण शेठ माझ्याकडे बघत होते आणि मी म्हटलं, "करता येईल." माझं असंच होतं. नाही म्हणायचं वाक्य घशात तयार होईपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो.

द्रुपदाबाय कुंपणाजवळून पान चाटून परत आल्या. "ह्यो कांदा हितं कुजंल, डाक्टर. हितं ते गवात लावा, बांधावरचं."

"गवत?" डॉक्टरबाई हसल्या. "बाई, मी मुंबईहून बोटीत बसून गवत बघायला येऊ?"

शेठही हसले. द्रुपदाबाय हसल्या नाहीत. त्यांनी पायाने वाफ्याच्या मधोमध रेघ मारली. "अर्दा तुमचा, अर्दा माजा. एक वरीस. माजा वाफा हरला तर शेट, मुकादम कुनीपन आना, मी त्याच्या हाताखाली तोंड उघडनार नाय. आनि जिकला तर मुकादम मी."

"कबूल!" शेठ म्हणाले. गिऱ्हाइकासमोर मोठेपणा दाखवायची संधी ते सोडत नसत. डॉक्टरबाईंना गंमत वाटली. "मी साक्षीदार," त्या म्हणाल्या. तोपर्यंत मुकादमाची जागा रिकामी राहणार होती आणि त्याचं काम द्रुपदाबाय करणार होत्या, म्हणजे नेहमीसारखंच.

एखाद्याला वाटेल, बेगोनियाच्या अर्ध्या वाफ्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं असेल. उलट. कंद आले तसे त्यांनी एकेक हातात घेऊन खळगा वर येईल असे मातीत बसवले. वर बांबू रोवून नारळाच्या झापांची सावली केली. पाणी पहाटे, तेही बुंध्याशी, पानांवर थेंब पडू न देता. मी न राहवून म्हटलं, "द्रुपदाबाय, हा वाफा तर तुमच्या विरुद्धचा आहे."

"लावलं ते वाडवायचं. सवतीचं पोर झालं म्हनून त्याला उपाशी ठेवायचं काय?"

बांधावरून आणून लावलेल्या गवताला मात्र त्यांनी पहिल्या महिन्यानंतर पाण्याचा थेंब दिला नाही. "सवय लावू नको," असं मला बजावलं होतं.

जानेवारीत बेगोनिया फुलला. आजही ते दिवस आठवले की मला वाटतं, इतकं सुंदर फूल माझ्या हातून पुन्हा फुलणार नाही. पाकळ्या इतक्या पातळ, की सकाळचं ऊन त्यातून आरपार जायचं. फुलं जड, मान खाली घालून उभी. डॉक्टरबाई दर शनिवारी येत, खुर्ची टाकून समोर बसत. शेजारच्या बंगल्यातले लोक फोटो काढून गेले. शेठ मला 'आमच्या मॅडम' म्हणू लागले.

आणि शेजारचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. एके दिवशी द्रुपदाबायनी कोयता घेतला आणि ते मूठभर उंचीचं ठेवून कापून टाकलं. वाफ्यात नुसते खुंट उरले.

"काय द्रुपदा," शेठ म्हणाले, "मेलं की तुझं गवत!"

"मेलं नाय, निजलंय. तुमी रोज दुपारी निजता, तवा आमी मेलं बोलतो काय?"

बायकांनी पदर तोंडात कोंबले. पण त्या दिवसानंतर नर्सरीत चेष्टा वाढली. पाईप धरणारी माणसं येता-जाता विचारायची, "बाय, नवा मुकादम कोन येनार?" शेठनी पेणच्या एका माणसाशी बोलणीही सुरू केली होती. द्रुपदाबायना ते कळलं होतं. त्या दिवसांत त्या कमी बोलायच्या. एकदा दुपारी डबा उघडून नुसत्याच बसून राहिल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. माझ्या डब्यातली भाजी त्यांच्या झाकणावर वाढली. "मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा गारवा गेला. पहिल्यांदा पानांवर पांढरी भुकटी धरली. मी औषध फवारलं. मग कळ्या न उमलताच गळू लागल्या. मी पाणी कमी केलं, सावली वाढवली, पुस्तकं उघडली. एका सकाळी गेले तर खोडं बुंध्याशी पिचून आडवी झाली होती. हात लावला की बोटांत चिकट पाणी. वाफ्याला कुजलेल्या बटाट्याचा वास येत होता.

मला वाटलं होतं, द्रुपदाबाय आता सगळ्या बायकांना बोलावून दाखवतील. त्या एकट्याच आल्या, वाफ्यात उकिडव्या बसल्या आणि बोटांनी माती उकरून कंद काढू लागल्या. पिचणारे एका बाजूला, टणक एका बाजूला. टणक नऊ निघाले.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हटलं.

"त्यात काय? दोस तिचा नाय. म्हावरं उनात ठेवायचं आनि वर बोलायचं, वास मारतो!" त्यांनी ते नऊ कंद पदराला पुसले. "तिच्या गावाला ती राणी हाय. आपन तिला सासरी आनलं नि सासर बघितलंच नाय."

ते कंद त्यांनी कोरड्या वाळूत घालून घरी खाटेखाली ठेवले. जुलैत एका रविवारी मला डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांवर घेऊन गेल्या. ओल्या काळ्या दगडाच्या कपारीत, शेवाळावर, गुलाबी-पांढरी बारीक फुलं लोंबत होती. पान तिरकं, देठ लालसर. मी वाकून बघितलं आणि तशीच बघत राहिले. तो बेगोनियाच होता, इथला, रानातला, जमिनीत इवलासा कंद धरून आठ महिने झोपणारा.

"तुज्या राणीची गरीब बहीन," त्या म्हणाल्या. "कपारीत ऱ्हाते, पाऊस संपला की गप. हिला कोन वाफ्यात बोलवत नाय, म्हनून बरी हाय." आम्ही ते नऊ कंद डॉक्टरबाईंच्या विहिरीमागे, दगडांच्या सावलीत लावले. तीन उगवले. फुलं बशीएवढी नव्हती, वाटीएवढीही नव्हती. पण आली.

इकडे मार्च संपता संपताच गवताने खुंटातून डोकं वर काढलं होतं. एप्रिल-मे सबंध खाऱ्या वाऱ्यात ते वाढतच गेलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला वादळी वारं आलं, नारळाच्या झावळ्या व्हरांड्यावर पडल्या आणि गवत सगळं आडवं झालं. शेठचा फोन आला, "सांग तुझ्या द्रुपदाला, पुन्हा निजलं!" मी निरोप दिला. द्रुपदाबायनी तिथे जाऊन, मुलीचे केस विंचरावेत तशी बोटं घालून गवत मोकळं केलं. चार दिवसांनी ते उभं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी तुरे आले. आधी दोन-चार, मग एका आठवड्यात सगळ्या वाफ्यावर. लालसर, धुरकट, इतके बारीक की काडी दिसायचीच नाही, नुसता रंग कमरेच्या उंचीवर तरंगायचा. वारा समुद्रावरून आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट जायची. डॉक्टरबाई सबंध पावसाळा आल्या नव्हत्या. त्या दिवशी बोटीने आठ-दहा पाहुण्यांना घेऊन आल्या. आम्ही सगळे तिथेच होतो, शेठही मुद्दाम आले होते. ऊन उतरलं होतं. डॉक्टरबाई फाटकातून आत आल्या, बोलता बोलता थांबल्या, आणि पाहुणे त्यांना मागून धडकले.

"हे काय आहे?" त्या हळूच म्हणाल्या.

"अमेरिकन व्हरायटी, मॅडम," शेठ पुढे झाले. "आमच्या या मॅडमनी खास तुमच्यासाठी—"

"शेट," द्रुपदाबाय म्हणाल्या, "पोरीनं कांदं आनलं. गवात मी लावलं."

डॉक्टरबाईंनी वाफ्याच्या मधोमध बघितलं, डावीकडे ओकीबोकी माती, उजवीकडे तो रंग. त्यांना आठवलं. "अहो, पैज लागली होती ना? मी साक्षीदार होते!"

"ते आपलं मस्करीत, मॅडम," शेठ म्हणाले.

"मस्करी नव्हती," असं कोणीतरी म्हणालं. तो माझा आवाज होता. सगळ्यांनी वळून बघितलं, पण आता थांबून उपयोग नव्हता. "तुम्ही 'कबूल' म्हणालात. मी तिथे होते. आणि हे सगळं काम द्रुपदाबायचं आहे, हेच नाही, नर्सरीतलं सगळंच." एवढं बोलून माझं बोलणं संपलं. पण पुरलं.

शेठनी मान खाजवली. "तसं नाही हो. पण शेवटी बाईमाणूस. उद्या पुरुषमाणसं तिचं ऐकायला हवीत ना?"

द्रुपदाबायनी शेठकडे बघितलंसुद्धा नाही. मागे हिरवळीवर आमची तीन माणसं पाईप धरून, पाणी सोडून, तोंडं उघडी टाकून हे सगळं बघत उभी होती. "ए!" द्रुपदाबाय ओरडल्या. "पानी कोनाचा बाप भरनार? बंद करा ते, पाईप गुंडाला, नि झापा गोला करा!"

तिघंही धावले. एकाने नळ बंद केला, दुसऱ्याने पाईप गुंडाळला, तिसरा झापा उचलायला लागला. पुन्हा विचारायला कोणी थांबलं नाही.

आधी डॉक्टरबाई हसल्या, मग पाहुणे, मग आमच्या बायका, आणि शेवटी नाइलाजाने शेठ. त्यांनी हात जोडले. "झालीस बाई मुकादम. पण माझ्या अंगावर ओरडू नकोस."

"वेल आली तर ओरडनार," द्रुपदाबाय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरला. कुंड्या, खताच्या गोणी, बायका मागे. मुकादम पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, हा तिथला रिवाज. द्रुपदाबाय सवयीने मागे चढायला गेल्या. बायकांनी त्यांना चढूच दिलं नाही. ढकलत, ओढत पुढे नेलं, दार उघडलं, आणि हळदीला म्हणतात तसली गाणी सुरू केली, नवरी निघाली, नवरीला जागा द्या. "गप बसा गो रांडांनो," द्रुपदाबाय म्हणाल्या, पण चेहरा लाल झाला होता. त्या आत बसल्या, लुगडं सारखं केलं, शर्टाची कॉलर सरळ केली आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली. ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत बसला होता.

"बगतोस काय?" त्या म्हणाल्या. "चल. नि गाव येईपरयंत हॉर्न वाजव."